दुसऱ्याच्या नावासाठी लावलेला नंबर

 

बजाज चेतकसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबलेली पिढी आता सत्तरीत आहे. घरात कुणी असेल तर विचारा. नंबर लागला की पेढे वाटायचे. काहींनी तर गाडी न घेता नंबरच वरच्या पैशानं विकून टाकला. टेलिफोनला रांग, गॅसला रांग, हे सगळं आपण केलंय. पण त्या रांगेत एक गोष्ट गृहीत होती. आकुर्डीच्या कारखान्यातून निघणारी स्कूटर तोवर कुणाचीच नव्हती, ती पहिल्यांदा तुमचीच होणार होती.

आता अशी रांग डोळ्यासमोर आणा. स्कूटर शेजाऱ्याची आहे. तो रोज तिच्यावरून कामाला जातो, पुसतो, तेलपाणी करतो. आणि तुम्ही शोरूममध्ये पैसे भरून नंबर लावलाय की ज्या वर्षी हा बाबा पैसे भरायचे विसरेल, त्या दिवशी गाडी माझ्या दारात आणून लावा. शेजाऱ्याला याचा पत्ताही नाही.

इंटरनेटवरच्या नावांच्या बाजारात ही रांग गेली पंचवीस वर्षं चालू आहे, राजरोस. तिला बॅकऑर्डर म्हणतात. आज जे नाव दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात आहे ते तुम्ही आगाऊ सांगून ठेवायचं. हा प्रकार कसा सुरू झाला, त्यावर कोण कोण कोर्टात गेलं आणि आपल्यासारख्या तालुक्याच्या गावाशी त्याचा काय संबंध, ते सांगतो.

आधी एक गैरसमज दूर करू. 'मी डोमेन विकत घेतलं' असं आपण म्हणतो. डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव, अमुक डॉट कॉम. पण ते विकत मिळतच नाही. नगरपालिकेच्या गाळ्यासारखं आहे ते. ठरावीक मुदतीचं भाडं भरायचं, मुदत संपायच्या आत पुन्हा भरायचं. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचं भरता येतं, त्यापुढे नाही. फरक एवढाच की गाळ्याचं भाडं थकलं तर पालिकेचा माणूस आधी नोटीस चिकटवतो, मग सभेत विषय येतो, मग नगरसेवक मध्ये पडतो. डोमेनचं भाडं थकलं की मध्ये पडायला कुणी नसतं. यंत्र असतं.

सुरुवातीला भाडंही नव्हतं. पहिलं डॉट कॉम नाव नोंदलं गेलं १५ मार्च १९८५ ला, सिम्बॉलिक्स नावाच्या अमेरिकन संगणक कंपनीचं. त्यानंतर दहा वर्षं नाव फुकट मिळायचं. अर्ज करा, घेऊन जा. जॉन पोस्टेल नावाचा दाढीवाला संशोधक हा सगळा पसारा जवळजवळ एकहाती सांभाळत होता. १९९४ च्या मार्चमध्ये त्यानं एक टिपण काढलं. डॉट कॉम, डॉट इन अशी शेवटची शेपटं ज्यांच्याकडे सांभाळायला दिलीत त्यांच्यासाठी ते होतं. त्याचा मथितार्थ असा की या नावांवर हक्क आणि मालकी सांगणं गैरलागू आहे, जबाबदारी आणि सेवा यांचं बोला. विश्वस्ताची भाषा होती ती. पुढे काय झालं ते वाचताना हे टिपण लक्षात असू द्या.

त्याच वर्षी 'वायर्ड' मासिकाच्या एका पत्रकारानं मॅकडोनाल्ड्स डॉट कॉम हे नाव स्वतःच्या नावावर करून घेतलं. आधी कंपनीला फोन केला, की तुमचं नाव मोकळं पडलंय. कुणी लक्ष दिलं नाही. मग त्यानं नोंदवलं आणि त्यावर लेख लिहिला. शेवटी कंपनीनं न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका शाळेला संगणकांसाठी साडेतीन हजार डॉलर दिले तेव्हा नाव परत मिळालं. पत्रकारानं केलेला उद्योग म्हणून मला या गोष्टीचं कौतुक आहेच. पण बाजारानं त्यातून वेगळाच अर्थ काढला : फुकटच्या नावाला किंमत असते.

सप्टेंबर १९९५ पासून पैसे लागायला लागले. नोंदणीचं काम नेटवर्क सोल्युशन्स नावाच्या एकाच कंपनीकडे होतं. दोन वर्षांचे शंभर डॉलर, पुढे दरसाल पन्नास. आता नीट बघा. ज्या दिवशी भाडं आलं त्याच दिवशी भाडं थकणंही आलं. आणि थकलेली नावं परत बाजारात येणार हे ओघानं आलंच.

थकवणारे सगळेच किरकोळ नव्हते. १९९९ च्या नाताळात हॉटमेल बंद पडलं. हॉटमेल म्हणजे आपल्या सबीर भाटियानं जॅक स्मिथबरोबर काढलेलं आणि १९९७ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टला विकलेलं. माझ्या वयाच्या बहुतेकांचा पहिला ईमेल तिथला किंवा याहूचा, सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून उघडलेला. तर हॉटमेलमध्ये शिरताना आधी पासपोर्ट डॉट कॉम या नावावरून जावं लागायचं आणि त्या नावाचे पैसे भरायचे मायक्रोसॉफ्ट विसरली! रक्कम किती? ३५ डॉलर. टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलच्या एका प्रोग्रामरच्या हे लक्षात आलं. त्यानं नाताळच्या दिवशी स्वतःच्या कार्डावरून ३५ डॉलर भरून टाकले आणि हॉटमेल पुन्हा चालू झालं. मायक्रोसॉफ्टनं त्याला ५०० डॉलरचा चेक पाठवला, तो त्यानं लिलावात काढून पैसे दानधर्माला दिले. फेब्रुवारी २००४ मध्ये वॉशिंग्टन पोस्ट या बड्या दैनिकाचं ईमेलसाठी वापरायचं नाव असंच संपलं आणि संपादकीय विभागाचे मेल बंद पडले. पोस्टसारख्या दैनिकाचं हे होतं, तर आपल्याकडच्या पतसंस्थेचं काय घेऊन बसलात.

तो नॅशव्हिलचा माणूस भला निघाला. पण त्याच सुमारास काही लोकांच्या डोक्यात वेगळं गणित चालू होतं. संपणारी नावं रोज हजारोंनी सुटतात. कुठलं कधी सुटणार याचा अंदाज बांधता येतो. मग सुटल्या क्षणी ते पकडून देण्याचा धंदा का करू नये? २००० साली अमेरिकेत पोर्टलंडला स्नॅपनेम्स नावाची कंपनी निघाली ती यासाठीच. ज्यांना एखादं नाव हवंय त्यांनी आधी सांगून ठेवायचं, कंपनी पाळत ठेवणार आणि नाव सुटलं की झडप घालणार.

इथे घाऊक आणि किरकोळ हा भेद समजून घेऊ, कारण पुढचं सगळं भांडण त्यावर आहे. सगळ्या डॉट कॉम नावांची एकच मूळ वही असते. ती सांभाळणारी ती रजिस्ट्री, म्हणजे घाऊक व्यापारी समजा. तिच्याकडून नाव घेऊन तुम्हाला-मला देणारे ते रजिस्ट्रार, म्हणजे किरकोळ दुकानदार. १९९९ पर्यंत दोन्ही एकच होतं. मग आयकॅन या १९९८ मध्ये स्थापन झालेल्या नियामक संस्थेनं दुकानदारी अनेकांना खुली केली. गोडॅडी, ईनॉम, डॉटस्टर ही दुकानं त्यातली. घाऊक वही मात्र नेटवर्क सोल्युशन्सकडेच राहिली आणि २००० साली व्हेरीसाइन या कंपनीनं सुमारे २१ अब्ज डॉलरच्या समभागांच्या व्यवहारात ती कंपनीच गिळली.

नाव सुटायची वेळ झाली की सगळे दुकानदार एकाच वेळी घाऊक वहीवर तुटून पडायचे. 'मला द्या, मला द्या' अशा मागण्या यंत्रं सेकंदाला शेकड्यांनी पाठवायची. एसटी फलाटाला लागताच खिडकीतून रुमाल टाकतात ना, तस्संच. २००१ मध्ये या गर्दीनं व्हेरीसाइनची यंत्रणा इतकी तुंबली की साधी, नवी नावं नोंदवायला आलेल्यांनाही त्रास व्हायला लागला. कंपनीला या झुंडीसाठी वेगळा दरवाजा करावा लागला.

आणि मग व्हेरीसाइनला एक कल्पना सुचली. खरं तर कुठल्याही घाऊक व्यापाऱ्याला सुचेल अशी. रुमाल टाकायची भानगडच कशाला, आपणच आरक्षणाची खिडकी उघडू. २००१ संपता संपता कंपनीनं वेटिंग लिस्ट सर्व्हिस नावाचा प्रस्ताव मांडला, स्नॅपनेम्सचं तंत्र वापरून. योजना अशी होती : आधीच कुणाच्या तरी नावावर असलेल्या कुठल्याही डॉट कॉम किंवा डॉट नेट नावासाठी एक, फक्त एकच माणूस नंबर लावू शकेल. मुदत वर्षभर. त्या वर्षात मालकानं नाव सोडलं तर ते बाजारात येणारच नाही, थेट नंबरवाल्याकडे जाईल. नाही सोडलं तर नंबराचे पैसे गेले. हवं असेल तर पुढच्या वर्षी परत भरा.

दर वर्षाला २४ डॉलरपर्यंत खाली आला. सुरुवातीला तो जास्त मागितला होता. आणि खऱ्याखुऱ्या नावाचा वर्षाचा घाऊक दर तेव्हा किती होता? सहा डॉलर! नावापेक्षा नावाची वाट बघणं चौपट महाग.

या योजनेतली खरी मेख वेगळीच होती. घाऊक व्यापाऱ्याला एकाच नावाचे दोनदा पैसे मिळणार होते. जो वापरतोय त्याच्याकडून भाडं आणि जो टपलाय त्याच्याकडून टपण्याचं भाडं. मालक सोडणारच नाही अशा नावावरही लोक नंबर लावणार, आणि तिथे तर काही न देता पैसे. शिवाय विचित्र हितसंबंध तयार होत होता. व्यापाऱ्याचं उत्पन्न आता या आशेवर उभं राहणार की जुनं गिऱ्हाईक कधीतरी विसरेल. उलट बाजूनं धास्तीही होतीच : माझ्याच नावावर दुसऱ्या कुणी नंबर लावू नये म्हणून मीच माझ्या नावामागे नंबर लावून ठेवायचा, म्हणजे माझ्याच घरासाठी मीच दोनदा भाडं भरायचं. मोठ्या कंपन्यांना ते परवडलं असतं.

दुकानदार खवळले. त्यांचा युक्तिवाद ग्राहकहिताचा होता, पण पोटात दुखत होतं ते वेगळ्याच कारणानं. रुमाल टाकायचा धंदा तेव्हा त्यांच्याकडे होता आणि घाऊकवाला तो एकट्याच्या खिशात घालू बघत होता. मंडईत अडत्यानं उद्या थेट हातगाडी लावली तर जे होईल तेच. व्हेरीसाइनचं म्हणणंही अगदीच पोकळ नव्हतं. दुकानदार दहा जण दहा जणांकडून आगाऊ पैसे घेतात, नाव मिळतं एकाला. आमच्याकडे निदान पहिला नंबर म्हणजे पक्का नंबर. मला विचाराल तर दोन्ही बाजू आपापल्या परीनं बरोबर होत्या आणि दोन्ही बाजूंना त्या तिसऱ्या माणसाची, ज्याच्या नावावर सध्या ते नाव आहे त्याची, फारशी फिकीर नव्हती. त्याचा प्रतिनिधी त्या खोलीत होता कुठे?

म्हणजे अगदीच नव्हता असं नाही. आयकॅनच्या सल्लागार मंडळींनी योजना फेटाळावी असं सुचवलं. तरी २३ ऑगस्ट २००२ ला संचालक मंडळानं अटी घालून, एक वर्षाच्या प्रयोगापुरता तिला हिरवा कंदील दाखवला. एक अट फार मोलाची होती : आधी विसराळू मालकाला नाव सोडवून घ्यायची संधी देणारी व्यवस्था सुरू करा, मगच नंबर लावायची खिडकी उघडा. ती व्यवस्था जानेवारी २००३ मध्ये सुरू झाली. नाव रद्द झाल्यावरही ३० दिवस ते कुणाला मिळत नाही, जुना मालक जादा पैसे भरून परत घेऊ शकतो. आज तुमच्यापैकी कुणाचं नाव अशा ३० दिवसांत वाचलं असेल, तर ते या भांडणाच्या रेट्यानं मिळालेलं आहे. वेटिंग लिस्टनं जगाला दिलेली ही बहुधा एकमेव चांगली गोष्ट. आणि ती वेटिंग लिस्ट सुरू न होताच मिळाली.

कारण ती सुरू झालीच नाही. जुलै २००३ मध्ये डॉटस्टर, गोडॅडी आणि ईनॉम यांनी कॅलिफोर्नियात आयकॅनवर दावा ठोकला. कॅनडात पूल डॉट कॉम नावाची नवी झडप-कंपनी तिथल्या कोर्टात गेली. कॅलिफोर्नियाच्या कोर्टानं स्थगिती द्यायला नकार दिला, म्हणजे दुकानदार हरले म्हणा. पण वेळ गेला. दरम्यान १५ सप्टेंबर २००३ ला व्हेरीसाइननं आणखी एक प्रताप केला. कुणी चुकीचं, अस्तित्वातच नसलेलं डॉट कॉम नाव टाइप केलं की त्याला थेट कंपनीच्या स्वतःच्या पानावर नेऊन सोडायला सुरुवात केली. जगभर बोंब झाली. आयकॅननं दम दिला, ४ ऑक्टोबरला ते बंद करावं लागलं. फेब्रुवारी २००४ मध्ये व्हेरीसाइननंच आयकॅनला कोर्टात खेचलं, की तुम्ही आमच्या नव्या सेवा अडवता. त्या तक्रारीत ते पानही होतं आणि वेटिंग लिस्टही. पुढच्याच महिन्यात आयकॅननं वेटिंग लिस्टला पुन्हा मंजुरी दिली आणि कागद अमेरिकेच्या वाणिज्य खात्याकडे गेला. खिडकी मात्र उघडली नाही ती नाहीच.

शेवट तडजोडीत झाला, २००५-०६ मध्ये. दावे मागे घेतले गेले आणि डॉट कॉमची घाऊक वही व्हेरीसाइनकडे राहणार असा नवा करार झाला. मुदत संपली तरी मोठा कसूर केला नसेल तर नूतनीकरण जवळजवळ ठरलेलं. वर दर वाढवायची सोय. २००६ चा सहा डॉलरचा घाऊक दर २०२४ मध्ये १०.२६ डॉलरवर गेला. गंमत अशी की तुमच्या-माझ्या नावाचं भाडं एक वर्ष चुकलं तर नाव जातं. आणि ती सगळी नावं जिच्या वहीत आहेत तिचा स्वतःचा गाळा मात्र कायमचा.

खिडकी उघडली नाही म्हणून रांग मोडली का? छे. ती दुकानदारांकडे राहिली आणि वाढली. पूल डॉट कॉमनं नवी पद्धत आणली : नंबर कुणीही लावा, कितीही जण लावा, आगाऊ पैसे नकोत. नाव पकडलं तरच साठेक डॉलर. आणि एकाहून जास्त लोकांनी नंबर लावला असेल तर त्यांच्यात लिलाव. थोड्याच दिवसांत बऱ्याच जणांनी हेच उचललं. मग नाव सुटायच्या आधीच, मालकाचं भाडं थकलंय तोवरच, दुकानदार ते परस्पर लिलावाला लावू लागले. म्हणजे चांगलं नाव आता बाजारात मोकळं सुटतच नाही, आतल्या आत हात बदलतं.

जी सुटतात त्यांच्यासाठी रुमालांची स्पर्धा आहेच. प्रत्येक दुकानदाराला घाऊक वहीशी मोजक्याच जोडण्या मिळतात. मग जास्त जोडण्या कशा मिळवायच्या? जास्त दुकानं काढा! ड्रॉपकॅच नावाच्या कंपनीनं २०१६ पर्यंत हजारावर रजिस्ट्रार कागदोपत्री उभे केले होते. नावं वेगळी, मालक एक. एकेकाची आयकॅनला भरायची वार्षिक फीच चार हजार डॉलर. तरी परवडत होतं, यावरून या धंद्यात किती पैसा असेल बघा. सहकारात बोगस सभासदांची यादी आपण पाहिलेली आहे, त्यामुळे मला याचं नवल वाटलं नाही. इथे मात्र सगळं नियमात बसत होतं.

जे नियमात बसत नव्हतं तेही झालं. नोव्हेंबर २००९ मध्ये स्नॅपनेम्सनं स्वतःच जाहीर केलं की कंपनीतलाच एक बडा अधिकारी 'हॅल्व्हारेझ' या खोट्या नावानं २००५ पासून लिलावात बोली लावत होता. लोक त्याच्याशी चढाओढ करत राहिले आणि किंमती फुगल्या. कंपनीनं ज्यांनी जास्त मोजले त्यांना फरक व्याजासह परत देऊ केला. बैलबाजारात दलालाचाच माणूस गिऱ्हाईक बनून उभा राहतो, ते आपल्याला माहीत आहे. पोर्टलंडवाल्यांना कळायला चार वर्षं लागली.

आता आपल्याकडे येतो. कायदा आपल्याकडे आहे, आणि त्याची सुरुवात मुंबईतूनही झाली. १९९९ मध्ये रेडिफनं 'रॅडिफ' नावाच्या साइटविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. कोर्टानं सांगितलं की डोमेन म्हणजे नुसता पत्ता नव्हे, त्याला व्यापारचिन्हासारखं संरक्षण मिळायला हवं. २००४ मध्ये सिफीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही तेच धरलं. डॉट इनसाठी तक्रार निवारणाची वेगळी पद्धत आहे. २०१४ पासून तर डॉट भारत आहे, देवनागरीत, मराठीतही नाव घेता येतं. पण हे संरक्षण कुणाला? ज्याचं नाव म्हणजे ब्रँड आहे, ज्याच्याकडे वकील आहे, त्याला. तालुक्याच्या वाचनालयाचं, पतसंस्थेचं, दहीहंडी मंडळाचं नाव कुठे व्यापारचिन्ह म्हणून नोंदलेलं असतं? आणि पैसे न भरल्यानं सुटलेलं नाव दुसऱ्यानं घेतलं, तर घेणाऱ्याचा हेतू वाईट होता हे तुम्ही सिद्ध करायचं.

तुम्ही म्हणाल, आमच्या वाचनालयाच्या नावावर कोण नंबर लावतंय? लावतात. नाव म्हणून त्याची किंमत शून्य असेल. पण दहा वर्षं ती साइट चालली, शाळांनी, सरकारी पानांनी, वर्तमानपत्रांनी तिच्या लिंक दिल्या. गुगलच्या लेखी ती भरवशाची झालेली असते. तो भरवसा नावाबरोबर नव्या भाडेकरूकडे जातो. जुगारवाल्यांना, नकली औषधंवाल्यांना तोच हवा असतो. आणि नुसत्या लिंक नाहीत, त्या नावावर येणारा प्रत्येक ईमेलही नव्या माणसाकडे जातो. २०२४ मध्ये काही सुरक्षा संशोधकांनी एक संपलेलं नाव वीसेक डॉलरला घेतलं. डॉट मोबी ही शेपटी सांभाळणाऱ्या रजिस्ट्रीनं आपल्या माहिती-सर्व्हरसाठी पूर्वी वापरलेलं आणि मग सोडून दिलेलं नाव होतं ते. बघतात तर सरकारी आणि लष्करी यंत्रणांचे संगणकसुद्धा अजून त्या जुन्याच पत्त्यावर चौकशी करत होते. रजिस्ट्रीच स्वतःचं नाव सोडून देते तिथे आमच्या मंडळाच्या सेक्रेटरीला काय बोलायचं!

आमच्या जिल्ह्यातल्या एका साप्ताहिकाचं सांगतो. नाव घेत नाही, ओळखणारे ओळखतील. साधारण दहा वर्षं त्यांची साइट होती. मीही त्यात लिहिलंय. एका पाणीयोजनेच्या कामावर आम्ही सलग सात बातम्या केल्या होत्या. पाइपांची मापं, बिलांच्या तारखा, सगळं. साइट एका पोरानं बनवून दिली होती आणि नाव त्यानं स्वतःच्या ईमेलवर नोंदवलं होतं, जसं सगळीकडे होतं. पोरगा पुण्याला नोकरीला गेला, नंबर बदलला. मुदत संपायच्या सूचना येतच असणार, नियमानं त्या पाठवाव्याच लागतात. महिनाभर आधी एक, आठवडाभर आधी एक, संपल्यावर पाच दिवसांत आणखी एक. पण त्या जात होत्या त्या पोराच्या जुन्या मेलवर, जो तो उघडतही नव्हता. पुढचे ३० दिवसही तसेच गेले. नाव सुटलं आणि कुणीतरी पकडलं.

कळलं कधी? त्या योजनेवर माहिती अधिकारात अपील करणाऱ्या एका निवृत्त गुरुजींनी अर्जाला आमच्या बातमीची लिंक जोडली होती. सुनावणीत साहेबांनी ती संगणकावर उघडली. समोर रमीची जाहिरात, पत्ते पिसणारी बाई. साहेब हसले आणि गुरुजींना म्हणाले, हा तुमचा पुरावा का? गुरुजी खाली मान घालून बाहेर आले. मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज कसा होता ते इथे लिहिणं बरं नाही.

साप्ताहिकाच्या संपादकांचा मुलगा परवा विचारत होता, त्या नावावर आपण नंबर लावू शकतो का? लावू शकतो. दोन-तीन ठिकाणी लाव, आता बरेच जण आगाऊ पैसे घेत नाहीत, पकडलं तरच द्यायचे. रमीवाले पुढच्या मुदतीला भाडं भरतात की सोडतात हे त्यांच्या धंद्यावर आहे. सोडलं तर मुदतीनंतर दुकानदाराकडे जास्तीत जास्त ४५ दिवस, मग सोडवणुकीचे ३०, मग कुणालाच हात लावता येत नाही असे ५, आणि मग सुटणार. दुसऱ्या कुणी नंबर लावला असेल तर लिलाव. हे सगळं जमलं तर हाती येईल ते फक्त नाव. बातम्या नाही. त्यातल्या तीन मला इंटरनेट आर्काइव्हच्या जुन्या साठ्यात सापडल्या, त्यांच्या छापील प्रती काढून गुरुजींना दिल्यात. बाकीच्या चार वाचनालयाच्या माळ्यावर बांधीव फायलींत आहेत, रविवारी जाऊन फोटो काढणार आहे. गुरुजींची पुढची तारीख २३ ला आहे.